पेसमेकर : एका पथ्याची कुळकथा

पेसमेकर बसविलेला रुग्ण घरी परततो तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर पथ्यांचीही एक यादी त्याच्या हाती दिलेली असते : ज्या बाजूस यंत्र बसविले त्या बाजूचे कोपर चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये, त्या हाताने जड वस्तू उचलू नये, जखम कोरडी राखावी, मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवू नये आणि नेमलेल्या तारखेस तपासणीला यावे. ही पथ्ये बहुधा हुकमासारखी सांगितली जातात, त्यांची कारणे सांगण्यास सवड नसते, आणि म्हणून कोणी पहिल्याच आठवड्यात उंच दांडीवर कपडे वाळत घालू लागतो, तर कोणी सहा महिने लोटले तरी हात अंगाशी घट्ट धरून बसतो. वस्तुतः या यादीतील एकेका कलमामागे गेल्या सत्तर वर्षांतील एकेक अडचण उभी आहे. ती अडचण कोणती आणि ती कितपत दूर झाली हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोणते पथ्य किती कसोशीने पाळावे आणि केव्हा सोडून द्यावे हेही उमगते. त्या कलमांची कुळकथा सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या विकारासाठी हे यंत्र जन्मास आले त्याचे लक्षणवर्णन डब्लिन नगरीतील रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ साली करून ठेवले. नाडी कमालीची मंद होते, धडधाकट दिसणारा माणूस बोलता बोलता कोसळतो आणि क्षणभराने, काही घडलेच नाही अशा मुद्रेने, उठून बसतो. एखादे वेळी मात्र तो उठत नाही. १९०६ साली सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत राहून हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा संदेशमार्ग शोधून काढला, तेव्हा हा संदेश वाटेतच अडतो आणि त्यामुळे हृदय थबकते, याचा उलगडा झाला. कारण कळले, पण उपाय हाती नव्हता. रुग्णाने अंथरुणाला खिळून पुढच्या झटक्याची वाट पाहावी, एवढेच त्याच्या नशिबी होते.

अंथरुणाची ही सत्ता त्या काळी सर्वच हृद्रोगांवर चाले. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे पलंगावर निश्चल पडून राहण्यास सांगण्याची वहिवाट होती. तिला पहिला उघड धक्का बॉस्टनमध्ये बसला : सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना आरामखुर्चीत बसवून पाहिल्याचे अनुभव १९५२ साली प्रसिद्ध केले. त्याच शहरात, त्याच वर्षी, पॉल झोल यांनी छातीच्या कातडीवर पट्ट्या लावून बाहेरून विद्युत्प्रवाह देऊन थांबलेले हृदय चालविता येते हे दाखवून दिले. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु एकीने रुग्णास पलंगावरून उठविले आणि दुसरीने, निदान आरंभी, त्याला पलंगालाच जखडले. झोल यांच्या उपायात प्रत्येक ठोक्यासरशी छातीचे स्नायू आचके देत, कातडी भाजे, आणि यंत्राची दोरी भिंतीतल्या विजेला जोडलेली असे. प्राण वाचत, पण त्या वेदनेत फार काळ काढणे शक्य नव्हते.

भिंतीशी असलेले हे नाते तुटले ते मिनिआपोलिस येथे, आणि तेही लहान मुलांसाठी. वॉल्टन लिलहाय हे शस्त्रवैद्य मुलांच्या हृदयातील जन्मजात छिद्रे बुजवीत असत. त्या शिवणकामात संदेशमार्ग दुखावला की हृदय मंद पडे, म्हणून हृदयाच्या स्नायूत थेट एक तार ओवून तिच्यातून अल्पसा प्रवाह देण्याची तजवीज त्यांनी १९५७ च्या आरंभी केली. वेदना गेली, परंतु यंत्र अजून भिंतीच्याच आश्रयाने चालत होते. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला शहरातील वीज काही तास गेली, आणि भिंतीवर विसंबण्यात केवढा धोका आहे हे सर्वांना दिसून चुकले. इस्पितळाची उपकरणे दुरुस्त करणारे अभियंते अर्ल बॅकन यांनी अवघ्या चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारी, हातात मावेल एवढी पेटी तयार करून दिली. ती गळ्यात अडकवून मुले इस्पितळाच्या आवारात हिंडू लागली. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्वपदावर येई आणि तार काढून घेतली जाई. पेसमेकरच्या इतिहासात ‘बरे होणे’ म्हणजे चालणे-फिरणे असा अर्थ प्रथम या मुलांनी आणून दिला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी शिरेतून हृदयात तार नेली, तेव्हा ७६ वर्षांचे एक गृहस्थ त्या तारेच्या आधारावर ९६ दिवस जगले आणि चाकांच्या गाड्यावर ठेवलेले जड यंत्र बरोबर घेऊन इस्पितळात फिरले.

यंत्र शरीराच्या आतच ठेवावे हा धाडसी विचार स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का इस्पितळात सिद्धीस गेला. आर्ने लार्सन हे ४३ वर्षांचे गृहस्थ दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध होत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी शस्त्रवैद्य ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्यामागे असा ध्यास धरला की, अद्याप प्रयोगावस्थेत असलेले यंत्र ८ ऑक्टोबर १९५८ रोजी माणसाच्या देहात बसविणे त्यांना भाग पडले. सारी जुळणी राळेत बुडवून घट्ट केलेली होती, आणि साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, तेव्हा दुसरे बसविण्यात आले. बॅटरी अधूनमधून शरीराबाहेरून, कातडीवर वेटोळे ठेवून, भारित करावी लागे. लार्सन यांना आयुष्यभरात अशी २६ यंत्रे लागली. प्रत्येक वेळी जखम, टाके, दुखरेपण आणि पुन्हा हळूहळू हात हलवू लागणे हे सारे त्यांनी नव्याने सोसले. आणि हे करीत असताना त्यांनी आपला व्यवसायही सांभाळला.

१९६० साली अमेरिकेतील बफेलो येथे विल्यम चार्डॅक, अँड्र्यू गेज आणि अभियंता विल्सन ग्रेटबॅच या त्रयीने बाहेरून भारित न करता चालणारे यंत्र बसविले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया विरळ प्रयोगाच्या कक्षेतून बाहेर पडून नित्याच्या उपचारांत आली. तथापि त्या दशकातील रुग्णाचे पहिले आठवडे कसे असत याचा आज अंदाज करणेही कठीण आहे. हृदयाला तार शिवण्यासाठी बरगड्यांमधून छाती उघडावी लागे. साधा खोकला आला तरी जीव कासावीस होई. यंत्र एवढे मोठे असे की ते पुष्कळदा पोटाच्या कातडीखाली ठेवीत. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला तार वाकते. सबब धातूची तार मोडणे हे नित्याचे दुखणे होते. पाऱ्याच्या बॅटरीकडून पाच वर्षांची अपेक्षा होती, तिने बहुधा दोन वर्षांत मान टाकली. एवढ्या मुदतीत जेमतेम सावरलेला माणूस पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जाई.

छाती न उघडता, गळ्याच्या किंवा खांद्याजवळच्या शिरेतून तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेऊन यंत्र कायमचे कातडीखाली ठेवण्याची पद्धत स्वीडनमध्ये १९६२ च्या सुमारास सुरू झाली, आणि तेथेच आजच्या ‘हात वर करू नका’ या पथ्याचे मूळ आहे. तेवढाच भाग बधिर करून काम होऊ लागले, मोठी जखम टळली. परंतु शिवलेली तार जागची हलत नसे, ही नवी तार मात्र हृदयाच्या आत केवळ स्नायूंच्या गुंत्यात टेकलेली असे. ती निसटे, आणि निसटली की रुग्ण पुन्हा बेशुद्ध पडे. यावर वैद्यांपाशी एकच उपाय होता : रुग्णाला कित्येक दिवस उताणे निजवून ठेवणे. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेने माणसाला अंथरुणातून सोडवायचे तिनेच त्याला पुन्हा अंथरुणात घातले. पुढे १९७० नंतरच्या दशकात तारेच्या टोकाला लवचिक काटे आले, आणि स्नायूत फिरवून बसविता येईल असा मळसूत्री आकडाही आला. तार धरून राहू लागली, अंथरूण सुटले, आणि दक्षतेचा भार एकट्या खांद्यावर आला. तार गळपट्टीच्या हाडाखालून जाते. हात डोक्यावर ताणला की तिच्यावर ओढ पडते. टोकाभोवती तंतूंचे वेष्टन तयार होऊन ते जागी रुजेपर्यंत काही आठवडे लागतात, आणि तार निसटण्याचे बहुतेक प्रसंग याच मुदतीत, त्यातही पहिल्या काही दिवसांत घडतात. पथ्याची मुदत आली ती येथून.

मात्र या पथ्याचा अतिरेक हेही एक दुखणेच आहे. खांदा हा सांधा स्वस्थ ठेवला की आखडतो, आणि एकदा आखडला की तो मोकळा करण्यास मूळ जखमेहून अधिक काळ आणि अधिक यातना लागतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून खांद्याच्या पातळीखाली हात सहज हलवीत राहावे, जेवावे, लिहावे, गुंड्या लावाव्यात. निषेध आहे तो ताणण्याचा, उचलण्याचा व झटक्याचा. याच्या उलट टोकाचे एक वेड १९६८ साली कॅनडातील डॉक्टरांनी नोंदविले : काही रुग्ण कातडीखालचे यंत्र बोटांनी चाळवीत, फिरवीत राहतात आणि तार त्याभोवती गुंडाळली जाऊन हृदयातून उपटून निघते. नव्या यंत्राकडे हात जाणे स्वाभाविक आहे, परंतु तो आवरला पाहिजे.

पहिल्या तपासणीची तारीख चुकवू नये याचेही कारण असेच जुने आहे. तारेचे टोक जेथे टेकते तेथे पहिल्या काही आठवड्यांत दाह होतो आणि हृदयाला चेतविण्यासाठी अधिक प्रवाह लागतो. दाह ओसरला की ही गरज पुन्हा उतरते. पूर्वी ही चढ-उतार मोठी असे. १९८० नंतर तारेच्या टोकातूनच दाहशामक औषध किंचित किंचित झिरपू लागले, आणि ती पुष्कळ सौम्य झाली. तरीही आरंभी प्रवाह मुद्दाम जास्त ठेवतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणीत तो कमी करतात. त्यामुळे आज लिथियमच्या बॅटरीस लाभलेले आठ-दहा वर्षांचे किंवा त्याहून अधिक आयुष्य वाया जात नाही. शरीर आणि यंत्र यांची ही परस्परांशी जुळवणूक जखमेचे टाके सुकल्यावरही चालूच असते, हे रुग्णाने ध्यानी धरावे.

जुन्या पिढीतील रुग्ण रोज सकाळी मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजीत, कारण त्यांची यंत्रे एकाच ठरावीक गतीने चालत आणि ती गती घसरली म्हणजे बॅटरी संपत आल्याचा इशारा असे. १९७० नंतर टेलिफोनवरून यंत्राची खबर इस्पितळात पाठविता येऊ लागली. आता यंत्र स्वतःच आपले दप्तर राखते. तरी पहिल्या आठवड्यांतील रात्री माणूस जागा राहून छातीतल्या ठोक्यांकडे कान लावतोच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लक्ष द्यावयाचे ते दुसरीकडे : जखम लाल होणे, सुजणे, तिच्यातून पाणी येणे, ताप भरणे, पुन्हा भोवळ येणे, किंवा न थांबणारी उचकी लागणे. तार हलली तर ती छातीपोटामधल्या पडद्याला चेतवू शकते, आणि उचकी ही त्याची खूण असते.

आपल्याकडील घरांत हे पथ्य पाळताना काही बारीक अडचणी येतात, आणि छापील यादीत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो. यंत्र बहुधा डाव्या बाजूस असते, आणि पदराची पिन, जानवे, पिशवीचा पट्टा हे सारे डाव्याच खांद्यावर येते. टाके सुकेपर्यंत पदर सैल घ्यावा, जखमेवर काही घासू देऊ नये. वेणी किंवा अंबाडा घालणे, फडताळातला वरचा डबा काढणे, लोकलमध्ये वरची कडी धरणे, सूर्यनमस्कार घालणे या साऱ्यांत हात डोक्यावर जातो. तेवढे आठवडे ती कामे दुसऱ्याने करावीत किंवा पुढे ढकलावीत. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे, मोबाइल उजव्या कानास लावावा, आणि मोठ्या देवळांच्या दारातील धातुशोधक चौकटीतून न रेंगाळता जावे. मायक्रोवेव्हची धास्ती मात्र जुन्या, बंद कवच नसलेल्या यंत्रांच्या काळातील आहे. आजच्या टायटॅनियमच्या बंद कवचाला तिची बाधा नाही, म्हणून ते कलम आता रद्द समजावे.

२०१२ नंतर तारच नसलेले, सुमारे दोन ग्रॅम वजनाचे पेसमेकर जांघेतील शिरेतून थेट हृदयात बसविले जाऊ लागले आहेत. त्यांत छातीवर जखम नाही, खांद्याचे बंधन नाही. काही दिवस जांघेवर ताण येऊ न देणे एवढेच पथ्य उरते. परंतु ते सर्वांना चालत नाहीत आणि ते महागही आहेत, तेव्हा आपल्या घरांत तारेचा पेसमेकर आणि त्याचे सहा आठवडे अजून दीर्घकाळ राहणार आहेत. रुग्णाच्या घरच्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, इस्पितळातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हात कुठवर हलवावयाचा, आणि कोणत्या तारखेपासून तो पूर्ववत वर न्यावयाचा. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि ती उजाडली की आपल्या माणसाला स्वतः उभे राहून हात वर करायला लावावे.