फादर नेमकं काय शिकतात? कॅथलिक ईशज्ञानाच्या मुख्य शाखा, सोप्या भाषेत

‘कॅथलिक लोक मरियेला देव मानतात’, ‘पोप बोलले की तो धर्माचा नियम झाला’ असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर आले असतील. दोन्ही चूक आहेत. का, ते समजायला ईशज्ञानाची तोंडओळख हवी.

ईशज्ञान म्हणजे काय?
ज्यावर श्रद्धा आहे, ते बुद्धीने समजून घेण्याचा अभ्यास. धर्मगुरू होण्यासाठी तरुण सेमिनरीत आधी तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान शिकतात. पुण्याचं ज्ञानदीप विद्यापीठ हे त्यासाठीचं मोठं केंद्र. ते १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलं.

१. बायबलविषयक ईशज्ञान
कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. कोणतं पुस्तक कधी आणि कोणासाठी लिहिलं गेलं, त्यात इतिहास आहे की काव्य, हे इथे तपासतात. म्हणूनच एखादं वचन संदर्भ सोडून फॉरवर्ड केलं की अर्थ बिघडतो. मराठीत हा प्रवास जुना आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. बायबलची कथा त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांत सांगितली. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच.

२. सैद्धांतिक ईशज्ञान
चर्च काय मानतं, याचा हा अभ्यास. येशू कोण, त्र्यैक्य म्हणजे काय, मृत्यूनंतर काय, हे प्रश्न इथले. येशू खरा देव आहे, हे इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने ठामपणे मांडलं. मरियेचंही उत्तर इथेच मिळतं: आराधना फक्त देवाची, मरियेचा सन्मान.

३. नैतिक ईशज्ञान
कसं वागावं? युद्ध, विवाह, मजुरी, पर्यावरण हे सगळं यात येतं. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत शिकवणीत बदल करून फाशीची शिक्षा अमान्य ठरवली. म्हणजे मूळ श्रद्धा तीच, पण तिची समज काळानुसार खोल होते.

४. उपासनाविषयक ईशज्ञान
प्रार्थना आणि सात संस्कार यांचा अर्थ इथे शिकवतात. याचं उदाहरण वर्ध्यातच आहे. वर्धा जिल्हा सिरो-मलबार चर्चच्या चांदा धर्मप्रांतात येतो, त्याचं कॅथेड्रल बल्लारपूरला आहे. शेजारचं नागपूर मात्र लॅटिन परंपरेचं. दोघांचे पोप एक, श्रद्धा एक. पण उपासनेची पद्धत वेगळी. इथे मिस्साला ‘कुर्बाना’ म्हणतात आणि तिचं मूळ सिरियाक परंपरेत आहे.

५. आध्यात्मिक आणि मेषपालीय ईशज्ञान
पहिलं माणसाच्या प्रार्थनाजीवनाकडे पाहतं. दुसरं विचारतं, हे सगळं गावातल्या माणसापर्यंत पोचवायचं कसं? मेषपाल म्हणजे मेंढपाळ. आजारी माणसाला भेटणं, कर्जात बुडालेल्या कुटुंबाला धीर देणं, शोकात सोबत करणं, हे यात येतं. पुस्तकातलं ईशज्ञान खरं ठरतं की नाही, हे इथेच कळतं.

मग पोपचं प्रत्येक वाक्य नियम असतं का?
नाही. विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर, परिपत्रक आणि औपचारिकपणे जाहीर केलेला सिद्धांत, यांचं वजन वेगवेगळं असतं. असा सिद्धांत फार क्वचित जाहीर होतो. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत १९५० मध्ये जाहीर झाला, तो त्यातलाच.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: हा सिद्धांत आहे, नीतीचा प्रश्न आहे की फक्त उपासनेची पद्धत? निम्मे गैरसमज तिथेच मिटतील. शेजाऱ्याच्या धर्माबद्दल बोलताना एवढी काळजी घ्यायलाच हवी.