ऑक्सिजन-१८ : पेट स्कॅनमागचा ‘जड’ ऑक्सिजन

ऑक्सिजनचे तीन स्थिर समस्थानिक निसर्गात आढळतात: ऑक्सिजन-१६, १७ आणि १८. तिघांच्याही अणुकेंद्रात ८ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र अनुक्रमे ८, ९ आणि १०. यांतला सर्वांत जड ऑक्सिजन-१८ दर हजार अणूंमागे साधारण दोनच सापडतो. विल्यम जिओक आणि हेरिक जॉन्स्टन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये त्याचा शोध लावला.

किरणोत्सारी आहे का?
नाही. त्यातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्हींची संख्या सम असल्याने त्यांच्या जोड्या जुळतात आणि अणुकेंद्राची एकूण फिरत (स्पिन) शून्य राहते. ऑक्सिजन-१७ मध्ये एक न्यूट्रॉन एकटा उरतो, म्हणून त्याची फिरत ५/२ असते.

हेच ‘जड पाणी’ का?
नाही. अणुभट्टीतल्या जड पाण्यात हायड्रोजन जड असतो. इथे ऑक्सिजन जड असतो.

कर्करोगाच्या तपासणीशी काय संबंध?
ऑक्सिजन-१८चे प्रमाण वाढवलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉन यंत्रातून वेगवान प्रोटॉनचा मारा करतात. एक प्रोटॉन अणुकेंद्रात शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि किरणोत्सारी फ्लोरिन-१८ तयार होते. ते ग्लुकोजसारख्या रेणूला जोडून रुग्णाला टोचतात. अनेक प्रकारच्या कर्करोगांच्या पेशी साखर जास्त ओढतात, त्यामुळे तिथे हा रेणू साठतो. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. पेट स्कॅनर तेच टिपतो.

घाई कशाची?
फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे, म्हणजे पावणेदोन-दोन तासांत निम्मे संपते. औषध बनवणे, तपासणे, रुग्णालयात पोहोचवणे आणि टोचणे सारे त्याच दिवशी उरकावे लागते. सायक्लोट्रॉन जितका दूर, तितके औषध वाटेतच कमी होते. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

शेवटी शरीरात काय उरते?
पॉझिट्रॉन बाहेर टाकल्यावर फ्लोरिन-१८चे पुन्हा ऑक्सिजन-१८ होते. तोच स्थिर, किरणोत्सर्ग नसलेला ऑक्सिजन, जो आपल्या श्वासात आणि पिण्याच्या पाण्यात थोडा थोडा आधीपासूनच असतो.