डांबराला रबराची जोड

डांबर आणि मनुष्य यांचा स्नेह फार पुरातन आहे. युफ्रेटीस नदीकांठच्या हीत गांवाकडून आणलेल्या डांबरानें बाबिलोनच्या तटाच्या विटा सांधल्या होत्या, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेविलें आहे. परंतु भिंत एका जागीं उभी असते. सडकेवरून चाकें धांवतात. तेथें डांबराचे दोन स्वभावदोष उघडे पडतात. उन्हाळ्यांत तें मऊ होऊन चाकोऱ्या उमटतात. कडाक्याच्या थंडींत तें ठिसूळ होऊन भेगा पडतात. कडक डांबर घ्यावें तर भेगांचें भय, मऊ घ्यावें तर चाकोऱ्यांचें.

कच्च्या रबराचेंही असेंच होतें. तें उन्हांत चिकट व थंडींत ताठर होई. इ. स. १८३९ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें रबर गंधकाबरोबर तापविलें आणि हा दोष घालविला. पुढें त्याच पक्क्या रबराचे टायर झाले. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत फीनिक्स शहरचे अभियंते चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनीं झिजलेल्या टायरांचा चुरा तप्त डांबरांत मुरविला आणि त्याचीं ठिगळें भेगाळलेल्या सडकांना लाविलीं. हा चुरा विरघळत नाहीं. डांबरांतील तेलकट अंश शोषून तो फुगतो आणि मिश्रणास लवचिकपणा देतो.

त्याच दशकांत शेल कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं निराळें रबर तयार केलें. त्याच्या प्रत्येक रेणुसांखळीचीं टोकें कठीण पॉलिस्टायरीनचीं, तर मधला भाग लवचिक पॉलिब्युटाडाइनचा. टोकें एकत्र येऊन गांठी बनतात आणि डांबरांत जणूं जाळें विणलें जातें. भार आला कीं तें ताणतें, भार सरला कीं पूर्ववत् होतें. सुमारें १०० अंश सेल्सियसच्या वर गांठी सैल होतात, म्हणून तें डांबरांत मिसळतां येतें; निवाल्यावर गांठी पुन्हां बसतात. याचें प्रमाण सामान्यतः शेंकडा ३ ते ७ असतें. सांठवणींत हें रबर डांबरापासून वेगळें होऊं पाहतें. तें होऊं नये म्हणून किंचित् गंधक घालून दोहोंना रासायनिक बंधांनीं जखडतात. गुडइयरचें गंधक असें सडकेच्याही कामीं आलें.

आपल्या देशांत मदुरेचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन् यांनीं दुसरी वाट धरली. ते टाकाऊ प्लास्टिकचा थर प्रथम तापलेल्या खडीवर चढवितात व मग डांबर घालतात. इ. स. २०१८ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली.

तथापि या रसायनास एक मर्यादा आहे. खालचा भराव कच्चा असेल किंवा कडेची गटारें तुंबून पाणी मुरत असेल, तर उत्तम डांबरही सडक वांचवूं शकत नाहीं. आणि पावसाळ्यांतील खड्डा हा केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. दुचाकीवरील मनुष्याच्या तो जिवावर बेततो. म्हणून खड्डा दिसतांच नागरिकानें दोन प्रश्न विचारावे: डांबरांत काय घातलें होतें, आणि पाणी कोठून वाहून जावयाचें होतें?