कालव्याचे दफ्तर

दख्खनच्या ज्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस केव्हा पाठ फिरवील याचा नेम नसतो, त्या प्रदेशातील सिंचनाचा इतिहास सांगताना धरणांची उंची आणि कालव्यांची लांबी यांचे गुणगान पुष्कळ झाले. परंतु ते पाणी कोणत्या दिवशी, कोणाच्या शेतात आणि किती गेले याची नोंद ठेवणारे कालव्याचे दफ्तर मात्र उपेक्षितच राहिले. वस्तुतः सार्वजनिक पाण्याच्या वाटपात न्याय झाला की अन्याय, याचा निवाडा त्या दफ्तराखेरीज होऊच शकत नाही. आणि त्यात जे मोजून लिहिले गेले तेवढ्याचाच सांभाळ झाला, हे गेल्या शतकाहून अधिक काळाच्या अनुभवाचे सार आहे.

सरकारी कालवे येण्यापूर्वी खानदेश आणि बागलाण या भागांत पांझरा, मोसम अशा नद्यांवरील बंधाऱ्यांखाली फड पद्धती रूढ होती. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने क्रमाने पाणी द्यावयाचे, अशी ती व्यवस्था. कोणत्या फडात कोणते पीक उभे आहे आणि पाणी कोठवर पोहोचले आहे, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे तेथे मोठ्या लेखी दफ्तराची गरज भासत नसे. अवघा गावच त्या व्यवहाराचा साक्षीदार असे.

पुढे मुंबई इलाख्यात 1879 चा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला, 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, आणि मैलोगणती पसरलेल्या लाभक्षेत्रावर एका गावाची नजर पुरणे अशक्य झाले. तेथून कागदाचे राज्य सुरू झाले. त्याची जी घडी कालांतराने बसली ती आजही पाहावयास मिळते: हंगामापूर्वी जाहीर प्रकटन निघते, शेतकरी नमुना नंबर 7 वर पाणीअर्ज भरतो, त्यात जमिनीचा नंबर, पीक आणि क्षेत्र लिहितो, मागील थकबाकी तपासून मंजुरी मिळते, मग चारीवरील मंजूर अर्जांचे शेजपाळी पत्रक तयार होऊन शेवटाच्या शेतकऱ्यापासून मुखाकडे पाळी सरकते, अखेरीस मोजणीदार भिजलेले क्षेत्र मोजतो आणि त्यावरून पाणीपट्टीची आकारणी होते. विनापरवाना पाणी घेतल्यास पंचनामा होतो, तोही याच दफ्तरात दाखल होतो.

या साखळीत एक मोठे वैगुण्य होते. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर असल्याने दफ्तरात एकरांचा हिशेब चोख उतरला, पण त्या एकरांना पाणी किती दिले याचा हिशेब शेतकऱ्याच्या खात्यावर कोठेच चढला नाही. एकदा पट्टी ठरली की जास्त पाणी घेणाऱ्यास अधिक पैसा पडत नसे. सबब कालव्याच्या मुखाजवळ पाणी मुबलक मुरले आणि शेवटाकडे टंचाई राहिली. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या बेहिशेबी पाण्याचा परिणाम दिसून येतो: बारमाही भिजलेली काळी जमीन पाणथळ झाली, क्षार वर आले आणि चांगली शेते खारवटली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुरस्कारलेली ब्लॉक पद्धती हा या दफ्तराच्या सुधारणेचा पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. ठराविक क्षेत्राचे ब्लॉक आखून, त्यांच्या सुमारे तृतीयांश भागात ऊस आणि उरलेल्यात हंगामी पिके, अशी मंजुरी अनेक वर्षांसाठी देण्यात आल्याने पाण्याची मागणी आगाऊ कळू लागली. 1916 मध्ये मुंबई सरकारने सिंचनविषयक विशेष शाखा स्थापिली. पुढे खडकवासल्यास नावारूपाला आलेल्या या संशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांनी प्रवाहमापनाच्या साधनांवर परिश्रम घेतले. अशा रीतीने मापन शास्त्रशुद्ध होत गेले. तथापि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचावयास फार काळ लागला.

दरम्यान जमिनीचे दफ्तरही बदलत होते. 1947 च्या कायद्यान्वये एकत्रीकरण होऊन जेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, तेथे कालव्याची वही आणि तलाठ्याचा सातबारा यांची रुजुवात नव्याने घेणे क्रमप्राप्त होते. एकाच शेताची दोन दफ्तरांत दोन नावे राहिली, तर तंट्यास निमित्तच मिळते.

मापन बांधाकडे नेण्याच्या दिशेने पुढे नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी घनमापनाने पाणी घेऊन त्याचे वाटप सभासदांच्या विद्यमाने चालविले, आणि 2005 च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने हा मार्ग राज्यभर मोकळा केला. संस्थेला पाणी मोजून मिळू लागले की तिचा प्रत्येक सभासद मापाकडे दक्षतेने पाहू लागतो, कारण वाचलेले पाणी त्याच्याच पिकाच्या कामी येते.

आज संगणक आले आहेत, आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु चारीच्या मुखाशी माप चुकीचे घेतले गेले, किंवा घेतलेच गेले नाही, तर तीच चूक अधिक वेगाने वरिष्ठांपर्यंत जाईल, एवढाच काय तो फरक. म्हणून सुधारणेचा आरंभ मापापासून व्हावा, जमिनीच्या दफ्तराशी त्याची दरवर्षी रुजुवात व्हावी, आणि शेजपाळी पत्रक व वाहिलेल्या पाण्याचा आकडा गावाच्या चावडीवर उघडा लावला जावा. शेवटाच्या शेतकऱ्याला स्वतःच्या वाट्याचा हिशेब वाचता आणि तपासता येईल, तेव्हाच कालव्याचे दफ्तर खऱ्या अर्थाने सार्वजनिक होईल.