बँडचं बटण

17 सप्टेंबर 1948 ची संध्याकाळ आजोबा आम्हाला कितीदा तरी सांगायचे. केज तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा एकच रेडिओ, तोही बॅटरीवरचा. हैदराबादहून निजाम बोलू लागला, लढाई थांबवल्याचं सांगू लागला आणि ऐन त्या वेळी आवाज गेला. कुणीतरी बँडचं बटण दोन-चारदा मागं-पुढं फिरवलं, तेव्हा आवाज परत आला.

तो का परत आला, हे मला पुढं अंबाजोगाईच्या मामांनी दाखवलं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. प्रत्येक बँडची कॉइल वेगळी. बटण फिरलं की आतल्या चकतीवरच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्या हवी ती कॉइल जोडतात. हवेतल्या, धुरातल्या गंधकानं चांदी काळी पडते, जोड सुटतो. बटण फिरवलं की घासून काळं निघतं. आमच्या घरांतून शेणी-लाकडांचा धूर माळवदापर्यंत भरलेला. मग चांदी उजळ कशी राहणार?

मामा म्हणायचे, ‘‘लेकरा, आधी प्लग काढ, कंडेन्सर रिकामा कर. मग ब्रशनं स्पिरिट लाव अन् बटण फिरवत राहा. पॉलिश पेपर लावशील तर चांदीच जाईल, खालचं पितळ उघडं पडंल.’’ सुकल्यावर पत्र्यांवर व्हॅसलिनचा जेमतेम हात, खटका देणाऱ्या छऱ्यावर थोडं ग्रीस. चकतीवर तेल सांडलं की धूळ धरलीच. आणि स्पिरिट डायलच्या काचेला लागू द्यायचं नाही. स्टेशनांची नावं पुसली जातात.

सगळ्यांत झिजलेलं बटण मामांना कुठं दिसायचं, तर गाण्यांचं वेड असलेल्या घरांत. त्यामागं एक पुणेकर होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेसंगीताला ओहोटी लागली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बातम्यांना मिडियम वेव्ह, बुधवारी रात्री आठला शॉर्ट वेव्ह. बटणाला उसंत कुठली! 1957 ला विविध भारती आली, तरी बुधवार सिलोनचाच राहिला.

जुन्या सेटची चकती उपटून आत एफएमचं किट बसवलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. पत्री तुटलेली नसेल, तर अर्ध्या तासाचं काम असतं ते.