इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखा हवी? कॅप फेरीत पर्यायांचा क्रम आधी घरी ठरवा

पारनेर : एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की सुपा, निघोज, टाकळी ढोकेश्वर, अळकुटीपर्यंत घराघरात एकच विषय असतो, पोराला पुण्यात किंवा नगरला कॉम्प्युटर मिळेल का? पर्सेंटाइल आता बदलत नाही. पण पर्यायांचा क्रम चुकला किंवा एखादा दाखला राहिला, तर मिळणारी जागाही हातची जाते.

क्रमाला एवढे महत्त्व का?
इंजिनिअरिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांतून होतात. 2025-26 पासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा पर्याय मिळाला, तर तो प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. त्यामुळे 'हे नक्की मिळेल' म्हणून नको असलेली शाखा वर टाकली, की पोरगं तिथेच अडकतं.

वर मोठे कॉलेज टाकले म्हणून खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. जागा गुणवत्ता क्रमांकानेच मिळते. म्हणून जे खरोखर हवे तेच वर ठेवावे.

कटऑफ कसा वाचायचा?
मागील वर्षाचा कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतो. जागेच्या कोडमधील शेवटचे अक्षर पाहावे. 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठातील, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातील मुलांसाठी आणि 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा. बारावी अहिल्यानगर जिल्ह्यातून केली असेल तर आपले विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. कोड 'एल'ने सुरू होत असेल तर ती जागा मुलींची.

दाखले आधीच काढा
ओबीसी, एसईबीसीसाठी जातीचा दाखला, जात पडताळणी आणि चालू वर्षाचे नॉन-क्रिमीलेअर लागते. ईडब्ल्यूएससाठी त्याचा वेगळा दाखला. पडताळणीच्या पावतीवर सवलत मिळाली तरी मूळ प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. निकालानंतर सेतूत गर्दी होते, म्हणून अकरावी-बारावीतच कामाला लागावे.

फी वाचवायची असेल तर
कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास टीएफडब्ल्यूएस जागेवर शिक्षण शुल्क माफ असते, पण त्या जागेचा कोड वेगळा भरावा लागतो. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

अर्ज नेट कॅफेत भरला तरी मोबाईल नंबर आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवावा. पर्यायांची यादी घरी कागदावर लिहून न्यावी. नियमांत दरवर्षी बदल होतात, त्यामुळे त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज कायम करावा.