पुराला वाट देणारा पूल : कसबा बावड्याचा राजाराम बंधारा

१/९
दर पावसाळ्यात कोल्हापुरात एक वार्ता घरोघरी पोहोचते : 'राजाराम बंधारा पाण्याखाली गेला.' परगावच्या माणसाला ही दुर्घटना वाटेल. कोल्हापूरकरांना मात्र ठाऊक असते, की पाण्याखाली जाता यावे अशीच त्याची रचना आहे. कसबा बावड्याच्या या बंधाऱ्याचा हा इतिहास.

२/९
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांचा संगम प्रयाग चिखलीजवळ होतो. तेथून पुढची नदी म्हणजे पंचगंगा. कोल्हापूरला वळसा घालून ती कसबा बावड्यापाशी येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस ती चार महिने वाहून नेते. उरलेले आठ महिने शेतीसाठी पाणी कोठून आणायचे, हा तिच्या काठचा जुना प्रश्न होता.

३/९
पात्रात अखंड भिंत घातली तर उन्हाळ्यात पाणी मिळते. पण पावसाळ्यात तीच भिंत पुराच्या आड येते आणि तिच्यामागे गाळ साचत जातो. म्हणजे जी भिंत हिवाळ्यात हवी, ती पावसाळ्यात नको. या पेचाला मिळालेले उत्तर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावाने प्रसिद्ध झाले.

४/९
त्याची रचना साधी आहे. पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभारायचे आणि त्यांना खाचा ठेवायच्या. पावसाळा सरला, की या खाचांत फळ्यांच्या दोन ओळी बसवायच्या व मधली पोकळी मातीने भरायची. या फळ्यांना 'बरगे' म्हणतात. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले, की नदी पुन्हा मोकळी होते. पुढे लाकडाच्या जागी लोखंडी बरगेही आले.

५/९
खांबांवरून जाणारी वाट हाच पूल. पुरापासून पूल वाचवण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्याला उंच नेणे. शहराजवळचा ब्रिटिशकालीन शिवाजी पूल उंच दगडी कमानींवर उभा आहे. झुलता पूल तर दोरांच्या आधारे पात्राच्या वरच टांगलेला असतो. बंधाऱ्याने उलट मार्ग धरला. पुराच्या वेळी बावडा आणि वडणगे यांना जोडणारी ही वाट बंद होते. पाणी ओसरले, की पुन्हा सुरू होते.

६/९
बंधाऱ्याला नाव आहे छत्रपती राजाराम महाराजांचे (कारकीर्द १९२२ ते १९४०). त्यांचे वडील राजर्षी शाहू महाराज यांचा जन्म याच कसबा बावड्यात २६ जून १८७४ रोजी झाला. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम शाहूकाळात सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. धरण व बंधारे यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

७/९
कारण धरणातून सोडलेले पाणी नदीतून खाली येते आणि बंधाऱ्यांमागे टप्प्याटप्प्याने अडते. तेथून शेतकरी ते उपसून मळ्यापर्यंत नेतात. साठा पात्रातच राहत असल्याने गावे बुडवावी लागत नाहीत. नदीकाठच्या उसाच्या हिरवाईमागे ही साखळी आहे. ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर पसरली आणि सरकारी कागदांत 'को. प. बंधारा' म्हणून रूढ झाली.

८/९
कालांतराने बंधाऱ्याला आणखी एक काम मिळाले. पंचगंगेच्या पुराची उंची येथेच मोजली जाते : इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. या आकड्यांकडे पाहूनच सुतारवाड्यातील कुटुंबे सामान बांधतात. चिखली आणि आंबेवाडीचे लोक जनावरे हलवतात. पाणी साठवण्यासाठी उभारलेली वास्तू पाण्याच्या भीतीचे माप झाली.

९/९
२०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला. नदीला दर वर्षी मोकळी वाट द्यावी लागते, हे बंधारा बांधणाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्यानंतरच्या पिढ्यांनी पूररेषेत घरे आणि रस्ते उभारताना ते गृहीत धरले नाही. म्हणूनच दर जूनमध्ये निघणारे बरगे हा केवळ पाटबंधारे खात्याचा नेम नाही. नदीशी झालेला तो एक जुना करार आहे, आणि आपल्या बाजूने तो पाळायचा राहिला आहे.